वापरकर्त्याला त्याच्या रोजच्या जागी पाहणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲप असो, यंत्र असो की एखादा साधा फॉर्म, तो घडवणाऱ्या टीममध्ये कधीतरी कोणीतरी म्हणतं, "लोक हे खरोखर कसं वापरतात ते जाऊन बघूया का?" मग शंका सुरू होतात. डिझायनर, प्रॉडक्ट मॅनेजर आणि इंजिनीअर मंडळींकडून हमखास येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांची लांबी सारखी नाही, कारण काही प्रश्न एका वाक्यात मिटतात आणि काही मिटत नाहीत.

यात नेमकं करायचं काय असतं?

वापरकर्ता जिथे काम करतो किंवा राहतो, तिथे जायचं. त्याचं नेहमीचं, खरं काम त्याला करू द्यायचं. आपण शेजारी बसून पाहायचं, अधूनमधून विचारायचं आणि टिपून घ्यायचं. आपण तयार केलेलं नमुन्याचं काम त्याला द्यायचं नाही. त्या दिवशी त्याच्यासमोर जे काम आलं असेल, तेच आपला विषय.

लोकांनाच विचारलं तर पुरत नाही का? सर्वेक्षण स्वस्त पडतं.

पुरत नाही. लोक खोटं बोलतात म्हणून नव्हे, तर स्वतःच्या वागण्याची कारणं माणसाला बऱ्याचदा ठाऊकच नसतात म्हणून.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्ये एक प्रयोग मांडला होता. ग्राहकांसमोर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले आणि त्यांतला उत्तम कोणता ते विचारलं. चारही जोड अगदी सारखे होते. तरी उजव्या टोकाचा जोड सगळ्यांत जास्त निवडला गेला. कारण विचारल्यावर लोकांनी मालाच्या गुणांकडे बोट दाखवलं. "तो कोणत्या जागी होता याचा परिणाम झाला असेल का?" असं थेट विचारल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ते नाकारलं. सर्वेक्षणातल्या "तुम्ही हे का निवडलंत?" या रकान्यात जे भरलं जातं, ते बरंचसं या प्रकारचं असतं.

दुसरी अडचण हाताच्या सवयीची. रोजचं काम करणाऱ्याला त्यातल्या निम्म्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. एका खिडकीतला आकडा कागदावर उतरवून दुसऱ्या खिडकीत टाइप करणाऱ्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "मी रिपोर्ट बनवतो." कागदाचा उल्लेखही येणार नाही, कारण त्याच्या लेखी ते काम नाहीच.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे विचारलं की माणूस नियम सांगतो. एरवी कसं व्हायला हवं, ते सांगतो. आज तसं का झालं नाही, मध्येच फोन आला तेव्हा काय सुटलं, हे तो सांगत नाही. डिझाइनची परीक्षा होते ती मात्र त्या 'आज'मध्ये.

म्हणून विचारणं टाकाऊ ठरत नाही. भीती, आवडीनिवडी, पूर्वीचे अनुभव हे विचारूनच कळतं. पण वागणं कळायला वागणंच पाहावं लागतं.

आम्ही युझेबिलिटी चाचण्या घेतोच. मग हे वेगळं कशाला?

चाचणीत आपण विचारतो, "ही गोष्ट या माणसाला जमते का?" काम आपण ठरवलेलं, खोली शांत, इंटरनेट वेगवान, आणि पूर्ण तासभर लक्ष आपल्याकडे. घरी किंवा कामाच्या जागी जाऊन आपण पाहतो की ही गोष्ट त्याच्या आयुष्यात मुळात बसते का, कुठे बसते, आणि तिच्या आजूबाजूला काय चाललेलं असतं. चाचणीत पहिल्या फटक्यात जमलेली स्क्रीन प्रत्यक्षात कोणी उघडतच नाही, असं सर्रास घडतं. चाचणीला तो दोष पकडता येत नाही, कारण स्क्रीन उघडायला आपणच सांगितलेलं असतं.

दोन्ही करा. क्रम विचाराल तर आधी जाऊन पाहा, मग बनवा, मग चाचणी घ्या.

आमच्याकडे वापराचे आकडे आहेत. प्रत्येक क्लिक नोंदलं जातं.

आकडे कुठे पाहायचं ते सांगतात. चौथ्या पायरीवर बरेच लोक सोडून जातात, हे आकड्यांतून दिसेल. ते त्या वेळी उठून कपाटातला कागद शोधायला गेले होते, हे कोणत्याही डॅशबोर्डवर दिसणार नाही.

झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या संशोधन केंद्रात मानवशास्त्रज्ञ ल्युसी सचमन यांनी 1980 च्या दशकात कॉपियर वापरणाऱ्यांचं चित्रण केलं. दोन-दोन माणसं मिळून, यंत्रानेच दाखवलेल्या सूचना वाचत, काम करत होती. ते चित्रण उतरवून काढताना सचमन यांनी रकाने पाडले. माणसं जे करतात-बोलतात त्यातलं यंत्राला न कळणारं एकीकडे, यंत्राला कळणारं दुसरीकडे, आणि त्यांच्या शेजारी यंत्राने काय दाखवलं आणि त्यामागे डिझाइनचा हेतू काय होता तेही. माणसांचा गोंधळ, चर्चा, चुकीचे अंदाज यांनी पहिला रकाना गच्च भरला. यंत्राच्या वाट्याला दाबलेली बटणं आणि उघडमीट झालेली झाकणं एवढंच आलं. आपले वापराचे आकडे म्हणजे तो दुसरा रकाना. ही मांडणी मला आजही या क्षेत्रातलं सर्वांत उपयोगी साधन वाटते. कागदावर स्वतः रकाने आखून एकदा करून पाहा.

ही पद्धत आली कुठून?

मुळं मानवशास्त्रात आहेत. ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर लोकांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले, आणि सहभागी निरीक्षणाला त्यांच्यामुळे शिस्त आली. उत्पादनांच्या जगात ती जोमाने आली 1980 च्या दशकात. झेरॉक्समधल्याच ज्युलियन ऑर यांनी कॉपियर दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांबरोबर फिरून पाहिलं की छापील मॅन्युअल अपुरं पडतं, तिथे ही माणसं एकमेकांना बिघाडांच्या गोष्टी सांगून शिकतात. पुढे तंत्रज्ञांनी एकमेकांना युक्त्या कळवाव्यात म्हणून कंपनीने युरेका नावाची प्रणाली उभी केली. त्याच सुमारास कॅरन होल्ट्झब्लाट यांनी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीमध्ये कामाच्या जागी जाऊन घ्यायच्या मुलाखतीची पद्धत घडवली आणि ह्यू बायर यांच्याबरोबर ती नीट बांधून काढली. आज बहुतेक टीम वापरतात ती थोडीफार तीच.

तिथे गेल्यावर बघायचं काय? सगळंच बघायचं तर काहीच दिसत नाही.

एकच गोष्ट निवडायची तर लोकांनी स्वतःहून काढलेले तोडगे बघा. स्क्रीनच्या कडेला चिकटवलेली चिठ्ठी, एखाद्या बटणावर लावलेला चिकटपट्टीचा तुकडा, सॉफ्टवेअरशेजारी उघडी पडलेली वही, स्वतःलाच पाठवलेला मेसेज, एका स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो. यातला प्रत्येक तोडगा म्हणजे आपल्या डिझाइनमध्ये राहिलेली एक जागा आहे, आणि ती वापरकर्त्याने स्वतःच्या वेळातून, स्वतःच्या डोक्याने भरली आहे. इतकं नेमकं मार्गदर्शन दुसरीकडे कुठे मिळत नाही.

रुग्णालयांतल्या बारकोडचं उदाहरण घ्या. नर्सने रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग औषध स्कॅन करायचं, दोन्ही जुळलं तर औषध द्यायचं. कागदावर निर्दोष योजना. रॉस कॉपल आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रत्यक्ष वॉर्डांमध्ये जाऊन पाहिलं, तेव्हा रुग्णांच्या बारकोडच्या जादा प्रती औषधांच्या गाडीला, दाराच्या चौकटीला, इतकंच काय नर्सच्या कमरेच्या पट्ट्यालाही लावलेल्या सापडल्या. त्यांनी 15 प्रकारचे तोडगे आणि त्यांमागची 31 कारणं नोंदवली. पट्ट्यावरचा बारकोड चुरगळून वाचता येत नव्हता, स्कॅनरची बॅटरी संपलेली असे, काही कोपऱ्यांत वायरलेस नेटवर्क पोहोचत नसे, काही औषधांवर बारकोडच नसे, आणि अचानक तातडीचं काम येई. संगणकातली नोंद मात्र साफ दिसते. पट्टा स्कॅन झाला, औषध स्कॅन झालं. चुकीच्या रुग्णाला औषध जाऊ नये म्हणून केलेली व्यवस्था नेमकी कुठे उसवली आहे, हे पाहायला माणूसच तिथे असावा लागतो. "नर्सना नीट प्रशिक्षण द्या" हा निष्कर्ष काढणं सोपं आहे, आणि चूकही. बॅटरी प्रशिक्षणाने चार्ज होत नाही.

दुसरी बघायची गोष्ट म्हणजे जुनाट वाटणारी पण लोक सोडत नसलेली वस्तू. 1990 च्या आसपास लँकेस्टर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ लंडनच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात जाऊन बसले. तिथे प्रत्येक विमानासाठी कागदाची एक पट्टी असे आणि नियंत्रक त्या पट्ट्या रॅकमध्ये हाताने लावत. हे काम संगणकाला दिलं की वेळ वाचेल, असा सहज होणारा विचार. पाहिल्यावर कळलं ते वेगळंच. पट्टी हाताने योग्य जागी सरकवताना नियंत्रकाचं त्या विमानाकडे लक्ष जातंच जातं. अडचणीची वाटणारी पट्टी ओळीतून जराशी बाहेर ओढून ठेवली की ती नजरेतून सुटत नाही. आणि शेजारच्या सहकाऱ्याला न विचारता, एका नजरेत परिस्थितीचा अंदाज येतो. 'वेळखाऊ' हालचालच सुरक्षितता सांभाळत होती.

याशिवाय उजेड, आवाज, हात मोकळे आहेत की नाहीत, काम किती वेळा तुटतं, शेजारी कोण आहे, काम पुढे कोणाकडे जातं. आणि आपल्या टीमला ज्याचा फार अभिमान आहे त्या सुविधेला दिवसभरात हात लागतो का, तेही.

आपण समोर बसल्यावर लोक वेगळे वागणार नाहीत का?

थोडे वागतात. या संदर्भात शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे 1924 पासून प्रकाशयोजनेचे प्रयोग झाले, आणि उजेड वाढवा की कमी करा, लक्ष दिलं जातंय म्हणूनच कामगारांचं काम वाढलं, अशी कथा रूढ झाली. 2011 मध्ये स्टीव्हन लेविट आणि जॉन लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा तो परिणाम कथेइतका ठळक निघाला नाही. तेव्हा या भीतीपायी निरीक्षणच टाळू नका.

व्यवहारात असं दिसतं की सुरुवातीला माणूस सावरून बसतो, 'नीट' करून दाखवतो. मग खरं काम अंगावर येतं आणि आपण तिथे आहोत हे मागे पडतं. म्हणून पहिल्या अर्ध्या तासावर निष्कर्ष काढू नका. आल्या आल्या स्पष्ट सांगा की परीक्षा वस्तूची आहे, तुमची नाही. आणि त्याच्या वरिष्ठांना त्या खोलीत बसू देऊ नका. ही शेवटची अट मी कधीच सैल करू देणार नाही. साहेब शेजारी असताना कोणीही स्वतःची वही टेबलावर काढत नाही.

झिजलेलं बटण, दुमडून मऊ झालेला कागद, दहा वेळा खोडलेली यादी या खुणा मात्र आपण येणार म्हणून कोणी तयार करत नाही. त्यांची नोंद घ्या.

गप्प बसायचं की प्रश्न विचारायचे?

होल्ट्झब्लाट आणि बायर यांनी यासाठी गुरू आणि शिकाऊ यांचं नातं सुचवलं आहे. वापरकर्ता त्याच्या कामातला उस्ताद, आपण शिकायला आलेलो. शिकाऊ माणूस बघतो, अडलं की लगेच विचारतो, आणि उस्तादाला काम सोडून व्याख्यान द्यायला लावत नाही.

प्रश्न समोर घडलेल्या गोष्टीला धरून असावा. "आत्ता तुम्ही थांबलात, काय बघत होतात?" हा चांगला प्रश्न. "हे काढून तिकडे का लिहिलंत?" हाही. "साधारणपणे तुम्ही काय करता?" असं विचारलंत की तो पुन्हा नियम सांगू लागेल. तसं झालं तर हळूच म्हणा, "मागच्या वेळचं दाखवाल का?" आणि "हे बटण इथे असतं तर सोपं गेलं असतं ना?" हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. त्याला लोक सौजन्याने हो म्हणतात आणि तो होकार पुढच्या मीटिंगमध्ये पुरावा होऊन बसतो.

आपल्याला काय समजलं ते मोठ्याने बोलून दाखवा. "म्हणजे तुम्ही यादीवर विश्वास ठेवत नाही, म्हणून दोनदा मोजता?" चुकीचं असेल तर माणूस लगेच दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीतच बरेचदा खरी गोष्ट असते.

गाडी चालवणं, रुग्णाला तपासणं, समोरच्या ग्राहकाशी बोलणं अशा वेळी पूर्ण गप्प. मागाहून विचारा.

लोक चुकीच्या पद्धतीने वापरत असतील तर सांगायचं का?

लगेच नाही. चूक कशी सुधारतात, कोणाला विचारतात, की तसंच पुढे नेतात, हे पाहायलाच आपण आलो आहोत. शेवटी, निघताना, त्यांना हवं असेल तर सोपा मार्ग जरूर दाखवा. त्यांनी वेळ दिलेला असतो. अपवाद एकच. कोणाला इजा होण्याची किंवा माहिती गमावण्याची शक्यता असेल तर निरीक्षण गेलं खड्ड्यात, तिथल्या तिथे बोला.

किती लोक आणि किती वेळ?

"पाच जण पुरतात" हे वाक्य ऐकलं असेल. ते जेकब नील्सन आणि टॉमस लँडाउअर यांच्या 1993 च्या कामातून आलं आहे आणि ते स्क्रीनमधल्या अडचणी शोधण्याबद्दल आहे. कामाच्या जागा एकमेकींपासून खूप वेगळ्या असतात, म्हणून ते इथे जसंच्या तसं लावू नका. एका प्रकारच्या कामाची चार-सहा माणसं पाहा. नवं दिसणं थांबलं तर थांबा, नाहीतर पुढे चला. दर भेटीला दीड-दोन तास बरे पडतात. महिन्यातून एकदाच होणारं काम असेल तर मात्र त्या दिवशीच जावं लागेल, दुसरा उपाय नाही.

कोणाला निवडायचं?

उत्साही ग्राहक आपोआप पुढे येतात. त्यांच्यापुरतं थांबू नका. नवखे, कुरकुरणारे, सोडून गेलेले, दुसऱ्याच्या वतीने वापरणारे, आणि आपण कल्पनाही केली नव्हती अशा कामासाठी वापरणारे, सगळे हवेत. इन्ट्यूट कंपनीची माणसं सुरुवातीच्या काळात दुकानात उभी राहून त्यांचं क्विकन हे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांना विचारत, "तुमच्याबरोबर घरी येऊन तुम्ही हे कसं सुरू करता ते पाहू का?" क्विकन घरगुती हिशेबासाठी होतं. पण कितीतरी जण त्यावर छोट्या धंद्याचा हिशेब ठेवत होते. त्यांच्यासाठी 1992 मध्ये क्विकबुक्स आलं.

परवानगीचं काय?

लेखी घ्या, सोप्या भाषेत घ्या. काय नोंदणार, कोण पाहणार, कधी पुसून टाकणार, हे त्यात हवं. मध्येच थांबवण्याचा हक्क त्यांना आहे हे तोंडीही सांगा. कार्यालयात साहेबांची परवानगी म्हणजे कर्मचाऱ्याची परवानगी नव्हे, दोन्ही वेगवेगळ्या घ्या. घरात इतर माणसं, मुलं, भिंतीवरचे फोटो, स्क्रीनवरचे तिऱ्हाइतांचे तपशील येतात, त्यांची संमती आपल्याकडे नसते. ते टिपू नका, टिपलं गेलं तर झाका. आणि कोणाचे तोडगे वरिष्ठांना कळल्याने त्याच्या नोकरीवर येणार असेल, तर ओळख पटेल असा एकही तपशील अहवालात जाऊ देऊ नका. नियमाबाहेरचं काम त्याने आपल्यावर विसंबून दाखवलेलं असतं.

व्हिडिओ करावा का?

परवानगी असेल आणि पाहायला वेळ असेल तर. नाहीतर वही बरी. वहीत दोन रकाने करा, दिसलेलं एकीकडे आणि आपल्याला वाटलेलं दुसरीकडे. "वैतागली" हे वाटणं झालं, "तीनदा मागे गेली आणि फोन उचलला" हे दिसणं.

डिझायनरने स्वतः जायचं की संशोधकाचा अहवाल पुरे?

ज्याच्या हातात निर्णय आहे, त्याने जावं. 2004 च्या टोयोटा सिएनाचे मुख्य अभियंता युजी योकोया यांनी गाडीचं आधीचं मॉडेल घेऊन अमेरिकेची सर्व 50 राज्यं, कॅनडाचे सगळे प्रांत आणि मेक्सिको चालवत पार केलं. बाजूने येणाऱ्या वाऱ्यात गाडी कशी हलते, अरुंद रस्त्यावर वळायला किती जागा लागते, लांबच्या प्रवासात माणसं गाडीतच कशी खातात-पितात, हे त्यांनी स्वतः अनुभवलं आणि नव्या गाडीत त्यानुसार बदल केले. दोन जणांनी जाणं उत्तम, एक बोलणारा आणि एक टिपणारा. चौघं गेलात तर वरातच होईल.

नोंदींचा ढीग जमला. आता?

भेटीनंतर एक-दोन दिवसांत टीमने एकत्र बसून ती भेट पुन्हा उभी करा, त्यापुढे आठवणी गुळगुळीत होतात. मग एका चिठ्ठीवर एकच निरीक्षण लिहा आणि सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर लावा. गट खालून वर बांधा. आधी शीर्षकं ठरवून त्यांखाली चिठ्ठ्या कोंबू नका, नाहीतर घरून नेलेलेच निष्कर्ष परत घेऊन याल. ही रीत जपानी मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांनी क्षेत्रकामातल्या विस्कळीत नोंदी लावण्यासाठी काढली. त्यांच्या आद्याक्षरांवरून ती केजे पद्धत म्हणून ओळखली जाते.

एका माणसात दिसलेली गोष्टही फेकू नका. किती जणांत दिसली, याचं उत्तर नंतर आकड्यांतून किंवा सर्वेक्षणातून शोधता येतं. तेव्हा सर्वेक्षणात काय विचारायचं ते आपल्याला कळलेलं असतं.

महिनाभर फिरायला वेळ नाही.

लागतही नाही. लँकेस्टरच्या त्याच गटाने 1994 मध्ये झटपट निरीक्षणाचा पर्याय मांडला होता, थोड्या दिवसांत कामाचा ठोकळ अंदाज घेण्यासाठी. फक्त प्रश्न छोटा ठेवा. "लोक पैसे कसे सांभाळतात" हा महिन्यांचा विषय आहे. "पावती मिळाल्यावर तिचं पुढे काय होतं" हा आठवड्यात होतो.

दूर राहून करता येईल का?

काही प्रमाणात. स्क्रीन शेअर करून काम पाहता येतं, रोज एक फोटो आणि दोन ओळी पाठवायला सांगता येतं. दीर्घकाळ पसरलेल्या कामांसाठी अशी डायरी तर प्रत्यक्ष भेटीपेक्षा सरस ठरते. पण कॅमेरा वापरकर्त्याच्या हातात असतो, आणि जे त्याला दिसेनासं झालं आहे ते तो पाठवणार नाही. एखादी तरी भेट प्रत्यक्ष घ्याच.

बदल केल्यावर पुन्हा कधी जायचं?

काही आठवड्यांनी, हाताला सवय लागल्यावर. पहिल्या दिवसांत ऐकू येते ती बहुतेक नवेपणाची कुरकुर असते. जमल्यास त्याच माणसांकडे जा, आणि एखाद्या अशाकडे ज्याने जुनं डिझाइन कधी पाहिलेलंच नाही. निघण्याआधी मागच्या वेळच्या नोंदी वाचून जा, म्हणजे कोणते जुने तोडगे गेले, कोणते टिकले आणि कोणते नवे आले, ते तिथल्या तिथे ताडून बघता येईल.